पणजोबांच्या कबरीचा दगड साफ करायचाय, अ‍ॅसिड मारू देऊ का?

माडाची_सावली:
नमस्कार मंडळी. मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहते. आजोबा १९६० च्या दशकात इकडे आले, पण त्यांचे वडील म्हणजे माझे पणजोबा रेवदंड्याच्या बाजूला एका छोट्या बेने इस्रायल (म्हणजे आम्हा कोकणातल्या मराठी ज्यूंच्या) कब्रस्तानात आहेत, समुद्र तिथून चालत पाच मिनिटांवर. घरात आम्ही अजून मराठी बोलतो, मलिदा करतो, पण ती कबर मी लहानपणी एकदाच पाहिलीय. आता नोव्हेंबरात दहा दिवस येतेय. चुलतभावाने फोटो पाठवले ते बघून पोटात कालवलं. दगड काळा आहे, वर हिब्रू खाली मराठी, मराठीतलं "शके" पर्यंत वाचता येतं आणि पुढे सगळं शेवाळ नि पांढरट थर. पायथ्याशी पापुद्रे सुटतायत. भोवती कोणीतरी कधीतरी सिमेंटचा कोबा करून ठेवलाय. शेजारी संगमरवरी दगड आहे, बहुतेक पणजीचा, तो दोन तुकडे होऊन पडलाय. गावातला एक माणूस म्हणतो अ‍ॅसिड मारून, घासून, अक्षरांत ऑइलपेंट भरून दोन दिवसांत नवंकोरं करून देतो. भाऊ हो म्हणायला निघालाय, मला धीर होत नाहीये. काय करू?

चुन्याची_घाणी:
ताई, आधी भावाला फोन करून थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

आता सांगतो. मी दगडी बांधकामाच्या दुरुस्तीत बरीच वर्षं आहे, जास्त करून कोकणपट्टीत. समुद्राकाठी दगडाला मारतं ते मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर येतं, जमिनीतून ओलीबरोबर वर चढतं, पावसाळ्यात विरघळून दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि पाऊस गेला की आतल्या आत त्याचे खडे होतात. ते खडे फुगून दगडाचा वरचा थर ढकलतात, म्हणून पापुद्रे. आणि ते पायथ्याशीच का, तर कोब्यामुळे. जमिनीतली ओल आधी मातीतून मोकळी निघून जायची, सिमेंटने ती वाट बुजवली, मग ती दगडातूनच वर चढून तिथे सुकते आणि मीठ तिथेच टाकून जाते. माझं विचाराल तर कबर न घासता फक्त तो कोबा निघाला तरी अर्धं काम झालं. पण छिन्नी-हातोड्याने हलक्या हाताने, ब्रेकर लावून नाही, आणि दगडाला चिकटलेला भाग ओढून काढायचा नाही. मोकळ्या झालेल्या जागेत बारीक खडी भरा. कुठे सांधा भरायचाच असेल तर चुना, सिमेंट नको. सांधा दगडापेक्षा मऊ पाहिजे, म्हणजे झिजायचं ते सांध्याने झिजावं.

अ‍ॅसिडने संगमरवर फसफसून विरघळतो, अक्षरांच्या कडाच जातात. काळा पाषाण तसा विरघळत नाही पण त्यातलं लोह बाहेर येऊन पिवळे-तांबडे डाग पडतात, शिवाय अ‍ॅसिडचे क्षार आत राहतात, म्हणजे मिठात आणखी मीठ. ब्लीचचंही तसंच. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, प्रेशरचं पाणी यातलं काहीही नको.

लागतं ते एवढंच: विहिरीचं खारं नसलेलं भरपूर गोडं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, लाकडाची किंवा बांबूची बोथट काडी आणि वेळ. दगड आधी चिंब भिजवा, थांबा, मग खालून वर ब्रश फिरवा, म्हणजे घाण पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर उमटत नाहीत. दगडफूल पहिल्या दिवशी निघणार नाही, दोन-तीनदा भिजवून मऊ होऊ द्या. जिथे पापुद्रा हलतोय तिथे हातच लावू नका, शेवाळ राहिलं तर राहू दे. पांढरा थर मिठाचा असेल तर आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, नंतर साध्या कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून लेपासारखा लावतात, वाळताना तो मीठ ओढून घेतो, पण ते कोणी जाणकार सोबत असेल तरच करा.

वसईवाला_बावतीस:
आमच्याकडे २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस, त्याआधी आठवडाभर सगळं गाव सिमेट्रीत साफसफाईला असतं त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही बघितलंय. माझ्या आजीच्या संगमरवरावर घरच्याच एकाने बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलं होतं, त्या दिवशी पांढराशुभ्र दिसला, आम्ही सगळे खूश. चार पावसाळ्यांत साखरेसारखा भुसभुशीत झाला, बोट फिरवलं की पांढरी पूड येते आणि तिचं नाव आता आम्हाला पाठ आहे म्हणून वाचता येतं. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

तुटलेल्या दगडाचं बघा, त्यात बहुतेक लोखंडी खिळा असणार. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. जोडायचाच तर स्टेनलेस स्टीलची पिन, तेही येणाऱ्याकडूनच. तोवर तुकडे मातीवरून उचलून वाळूच्या थरावर ठेवा, गुरांचा पाय पडणार नाही असे.

नागावची_पायवाट:
मी इथलाच, चौलजवळचा. ताई, दगडाला हात लावायच्या आधी अलिबागच्या सिनेगॉगमध्ये विचारा, १८४८ सालचं आहे ते, कब्रस्तान कोणाच्या ताब्यात आहे ते तिथल्या मंडळींकडून कळेल. आणि शनिवारी काम ठेवू नका. तुमच्या लोकांना इथे शनिवार तेलीच म्हणायचे, माझी आजी तसंच म्हणायची, शनिवारी घाणा बंद. नवगावला तुमचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात ना, तिथल्या जुन्या दफनभूमीलाही जाऊन या. कबरीवर कोणी आठवण म्हणून खडे ठेवलेले असतील तर ते झाडून टाकायचे नाहीत एवढं मदतीला येणाऱ्या पोरांना आधी सांगा, त्यांना ते माहीत नसतं. मी येईन मदतीला, पाण्याचे कॅन आणायची सोय करतो.

चुन्याची_घाणी:
एक राहिलं. वाचण्यासाठी दगड साफ करायची गरजच नसते बऱ्याचदा. संध्याकाळी अंधार पडला की भावाला टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ टेकवून धरायला सांगा म्हणजे उजेड तिरका पडेल, आणि फोटो समोरून. खडू, पीठ काही चोळायचं नाही. आणि ऑइलपेंट तर नकोच नको, दगडाचा श्वास बंद होतो. शिवाय हिब्रू न येणारा माणूस अक्षर स्वतःच्या अंदाजाने पुरं करतो.

माडाची_सावली:
थांबवलं भावाला. त्याने काल टॉर्चने फोटो काढले, अकरा काढले त्यातल्या दोनांत दिसतंय. मराठीत "शके १८२७" स्पष्ट आहे, सात नक्की. हिब्रू सालाची अक्षरं ताव, रेश, सामेख आणि शेवटचं 'हे' की 'खेत' ते कळत नाही. दोघांत फरक फक्त डाव्या पायाच्या वरच्या फटीचा आणि तिथे नेमकं दगडफूल बसलंय.

चुन्याची_घाणी:
हिब्रूतलं मला येत नाही, पण शकात ७८ मिळवा. १८२७ म्हणजे एप्रिल १९०५ पासून पुढचं एक वर्ष.

माडाची_सावली:
थांबा मग जमतंय. हिब्रूत साल अक्षरांनीच लिहितात: ताव ४००, रेश २००, सामेख ६०, 'हे' म्हणजे पाच, 'खेत' म्हणजे आठ. हजार सोडून लिहितात म्हणून ६६५ किंवा ६६८, त्यात १२४० मिळवले की इसवी सन. खेत असेल तर १९०७-०८ येतं, ते शकाशी जुळत नाही. म्हणजे अक्षर 'हे'च आहे, साल ५६६५. आणि ते साल १९०५ च्या सप्टेंबरअखेर संपतं, म्हणजे पणजोबा गुढीपाडव्यानंतर आणि रोश हशनाच्या, आमच्या नववर्षाच्या, आधी गेले. एप्रिल ते सप्टेंबर १९०५. आमच्याकडे घरात कोणालाच महिना माहीत नव्हता. रंग भरला असता तर ती फट बुजून तीन वर्षं पुढे गेली असती.

नागावची_पायवाट:
पावसात गेले असतील तर गाडीवाटेने तिथवर नेताना काय झालं असेल... तारीख कळवा तुमची, स्टँडवर येतो घ्यायला.