शब्दचर्चा: ‘देवाची ओढ’ म्हणजे नेमकी कोणाला कोणाची?

प्रश्न
देवालाच माणसाशी नाते हवे असते, हा विचार ख्रिस्ती उपदेशात सतत येतो. मराठीत ‘देवाची ओढ’ लिहिले की वाचणारा उलटे समजतो, म्हणजे भक्ताला लागलेली देवाची ओढ. ‘संबंध’ कानाला खटकतो. ‘समेट’ शास्त्रात (बायबलात) आहे खरा, पण समेट म्हटला की दोघांनीही थोडे-थोडे नमते घ्यायचे, असेच डोळ्यांपुढे येते. मुळात शब्द कोणते आहेत, आणि मराठीत काय चालेल?

उत्तर
आधी षष्ठीचा घोळ. ‘आईची आठवण’ म्हणजे आईला आलेली की आईविषयी आलेली, हे संदर्भावरून ठरते. ‘देवाची ओढ’चेही तेच, आणि अभंगांवर वाढलेला मराठी कान तिथे भक्ताचीच ओढ ऐकणार. उपाय साधा आहे: ‘देवाला माणसाची ओढ’ असे ‘ला’ लावून लिहावे. ग्रीकमध्येही हीच अडचण आहे. बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातली (२ करिंथ ५:१४) ‘ख्रिस्ताची प्रीती’ दोन्हीकडून वाचता येते. पण लगेच पुढे ‘एक सर्वांसाठी मरण पावला’ असे येते, त्यामुळे तिथे ख्रिस्ताने केलेली प्रीती असाच अर्थ घेतात.

‘संबंध’ टाळलेलाच बरा. ‘त्याचे तिच्याशी संबंध आहेत’ हे वाक्य काय सुचवते ते सांगायला नको, आणि उरलेला अर्थ पत्रव्यवहाराचा (‘संबंधित अधिकारी’). ‘नाते’ चांगले. मात्र ‘रिलेशनशिप’ला नेमका जुळेल असा एकच शब्द ना हिब्रूत आहे ना ग्रीकमध्ये. तिथे चित्रे आहेत: करार, दत्तक घेणे, एकत्र जेवणे, मुक्काम.

समेटाबद्दल
मूळ शब्द कातालागे, क्रियापद कातालास्सो. व्यवहारात नाण्यांची अदलाबदल, त्यावरून वैर टाकून मैत्री. १ करिंथ ७:११ मध्ये नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायकोने त्याच्याशी पुन्हा जुळवून घेण्यासाठी हेच क्रियापद आहे, म्हणजे शब्द काही धर्मशास्त्राचा खास नव्हे, घरातलाच.

खरी गंमत कर्ता-कर्मात आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या लेखनात, उदाहरणार्थ २ मक्काबी १:५ किंवा ७:३३ मध्ये, रागावलेला देव लोकांशी पुन्हा अनुकूल होतो. म्हणजे बदल देवात होतो. ही पत्रे लिहिणारा प्रेषित पौल वाक्य फिरवतो. रोम ५:१०-११ आणि २ करिंथ ५:१८-२० नीट पाहा: समेट करणारा देव आणि ज्यांचा समेट होतो ती माणसे, तीही ‘शत्रू असताना’. ‘देवाचा समेट झाला’ असे पौल एकदाही लिहीत नाही.

म्हणून भाषांतर इथे घसरते. २ करिंथ ५:२० मधले आज्ञार्थी रूप कर्मणी आहे. ‘देवाशी समेट करा’ म्हटले की पुढाकार माणसाकडे जातो, आणि ऐकणारा ‘मी काय द्यायचे?’ असे विचारू लागतो. ‘देवाशी तुमचा समेट होऊ द्या’ हे मुळाच्या जवळ. शब्द समेटच ठेवावा, प्रयोग बदलावा.

हरकत
एवढा खटाटोप कशाला? ‘प्रायश्चित्त’ प्रत्येक मराठी माणसाला कळते.

त्यावर
कळते, पण वेगळे कळते. आपल्याकडे प्रायश्चित्त ‘घेतात’: ज्याने चूक केली त्याने उपास करायचा, दान द्यायचे. मराठी बायबलातल्या लेवीय पुस्तकात हाच शब्द हिब्रू ‘किप्पेर’साठी आहे, पण तिथे विधी याजक करतो, आणि १७:११ मध्ये देव म्हणतो की वेदीवरचे रक्त मीच तुम्हांला दिले आहे. देणारा कोण ते बदलले, की शब्दाची दिशाच बदलते. शिकवताना ‘तुझ्यासाठी केलेले प्रायश्चित्त’ असे पूर्ण म्हणावे, नुसते ‘प्रायश्चित्त’ नको.

करार
‘करार’ अरबी ‘क़रार’वरून फारसीमार्गे आला. हिब्रू वाक्प्रचार ‘कारत बेरीथ’, शब्दशः करार कापणे. कारत आणि करार यांचा काही नातेसंबंध नाही, धातू वेगळे. ही जोडी लावणारे उत्साही लोक भेटतात म्हणून सांगून ठेवतो.

कापणे का, ते उत्पत्ती १५ मध्ये दिसते. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका. तिन्ही मधोमध चिरून अर्धी समोरासमोर ठेवलेली. होला आणि पारव्याचे पिलू मात्र चिरलेले नाही. अशा तुकड्यांमधून चालणारा म्हणजे ‘मोडला तर माझे असे होवो’ म्हणणारा (यिर्मया ३४:१८ मध्ये हे उघड आहे). आणि उत्पत्ती १५:१७ मध्ये अब्राम गाढ झोपेत असताना तुकड्यांमधून जाते ती धुराची भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देव एकटाच. सही एकाचीच!

स्टॅम्पपेपरवरचा भाडेकरार डोक्यात ठेवून ‘नवा करार’ वाचला तर हे निसटते. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरकर्त्यांनीही ‘बेरीथ’साठी दोन समान पक्षांचा ‘सिन्थेके’ सोडून ‘दियाथेके’ घेतला, जो मृत्युपत्रालाही चालतो. म्हणूनच इब्री ९:१६ मध्ये मराठी शास्त्र ‘मृत्युपत्र’ म्हणते. ग्रीक शब्द एकच, मराठीला दोन लागले.

भागी
१ योहान १:३ मधला कोइनोनिया, म्हणजे एकमेकांचे वाटेकरी असणे. मराठीत ‘भागी’ आणि ‘सहभागिता’ दोन्ही दिसतात. ‘सहभाग’ आता शिबिरात नाव नोंदवण्याइतका पातळ झाला आहे. मला ‘भागी’ आवडते. लूक ५:१० मध्ये याकोब आणि योहान हे शिमोनाचे ‘कोइनोनोई’ आहेत, म्हणजे मासेमारीच्या धंद्यातले भागीदार. जाळे, होडी, नफा-तोटा सामाईक.

दाराबद्दल एक विचारतो
प्रकटीकरण ३:२० इथे बसते ना? ‘मी दाराशी उभा आहे.’

उत्तर
बसते, पण दोन गोष्टी सांभाळून. ‘हृदयाचे दार’ म्हणतात, पण त्या वचनात हृदय नाही. शिवाय पत्र लावदिकीयाच्या मंडळीला आहे, आधीच विश्वास ठेवलेल्यांना. बाहेरच्याला बोलावणे म्हणून ते वापरतात, मुळात तो घरच्यांनाच दिलेला टोला आहे. ‘ठोकणे’ही मराठीत जरा दांडगे, ‘दार वाजवत आहे’ बरे, आणि वर्तमानकाळ ठेवावा, कारण ग्रीकमध्ये वाजवणे चालूच आहे. पुढचे ‘देइप्नेओ’ म्हणजे संध्याकाळचे मुख्य जेवण, उभ्या-उभ्या घेतलेला चहा नव्हे.

जोड
‘कळवळा’ विसरू नका. लूक १५:२० मध्ये, उधळ्या मुलाच्या गोष्टीत, बापाला मुलाचा कळवळा येतो, ते ग्रीक क्रियापद ‘स्प्लांखना’ म्हणजे आतडी या शब्दावरून आले आहे. इथे मराठीला उसने घ्यावे लागत नाही. ‘आतडे तुटणे’ आपल्याकडे आधीपासून आहे. मुलगा दूर असतानाच बाप धावतो, आणि ‘मला मजुरासारखे ठेवा’ हे ठरवून आणलेले शेवटचे वाक्य त्याला बोलायलाच मिळत नाही (काही हस्तलिखितांत ते घातलेले आहे, बहुधा वरच्या वचनाशी जुळवून घेण्यासाठी). समेट हा शब्द त्या गोष्टीत कुठेच नाही.

प्रश्नकर्त्याकडून
‘देवाला माणसाची ओढ’ आणि ‘समेट होऊ द्या’ घेतो. योहान १:१४ मधल्या ‘वस्ती केली’चे काय? मला ती कायमची वाटते.

उत्तर
ग्रीक ‘एस्केनोसेन’, म्हणजे तंबू ठोकला. रानातल्या निवासमंडपाची (देवासाठी उभारलेल्या तंबूची) आठवण करून देणारा शब्द. झोपडपट्टीची वस्ती मनात आणू नका. रात्री गावात येऊन थांबते, तिथेच मुक्काम करते, ती वस्तीची एसटी आठवा.