शेवग्याच्या पाल्याचा अर्क, रॅट आणि कोलेस्टेरॉल: आखणीबद्दल विचारायचं आहे

एमफार्म_पुणे
नमस्कार. शेवग्याच्या पाल्याच्या अर्काचा विस्टार रॅटवर (प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात) 30 दिवसांचा प्रयोग आखते आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीकडे फॉर्म बी (परवानगीचा अर्ज) द्यायच्या आधी तीन शंका आहेत. नुसतं वनस्पती तूप घातलेलं खाद्य पुरेल का? अर्क पहिल्या दिवसापासून द्यावा की कोलेस्टेरॉल वाढल्यावर? एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थेट न मोजता सूत्राने काढलं तर चालेल का? पाला मार्केट यार्डातून घेणार आहे.

अर्कशाळा
नुसत्या तुपाने वजन वाढेल, कोलेस्टेरॉल फारसं हलणार नाही. रॅट याबाबतीत चिवट आहे. खाण्यातून कोलेस्टेरॉल आलं की तो यकृतातली निर्मिती कमी करतो आणि जादाचं पित्ताम्लांत बदलून बाहेर टाकतो. ही वाट अडवायला कोलिक ॲसिड (हे स्वतः एक पित्ताम्ल) लागतं. एक किलोला: दळलेलं नेहमीचं खाद्य 885 ग्रॅम, खोबरेल तेल 100, कोलेस्टेरॉल 10, कोलिक ॲसिड 5. कोलेस्टेरॉल आधी कोमट तेलात नीट मिसळून घ्या, मग पिठाला चोळा. कोरडंच घातलं तर गुठळ्या राहतात, एकाच्या वाट्याला जास्त येतं, दुसऱ्याच्या कमी, आणि आकडे इतके विखुरतात की सहा-सहाच्या ग्रुपमध्ये फरक असूनही दिसत नाही. एका वेळी आठवड्यापुरतंच करा, फ्रिजमध्ये ठेवा.

अर्क कधी द्यायचा हे तुम्हाला काय म्हणायचं आहे त्यावर ठरतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या नायजेरियातल्या अभ्यासात अर्क चरबीयुक्त खाद्यासोबतच 30 दिवस दिला होता आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल सुमारे 14 टक्के कमी भरलं. यातून ‘वाढ रोखली’ एवढंच म्हणता येतं. ‘वाढलेलं उतरवलं’ असं लिहायचं असेल तर आधी दोन-तीन आठवडे खाद्य द्या, रक्त तपासा, सरासरी सारखी येईल असे ग्रुप पाडा आणि मगच अर्क सुरू करा. म्हणजे 30 दिवस पुरणार नाहीत.

सूत्र अजिबात नको. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडवरून एलडीएल काढायचं फ्रिडेवाल्डचं सूत्र माणसासाठी आहे. रॅटमध्ये सीईटीपी (एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल इतर कणांकडे नेणारं प्रथिन) नसतं, बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असतं. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून काही वेळा एलडीएल चक्क उणे येतं. थेट मोजणारं किट घ्या.

वनस्पती_कोरेगावपार्क
मार्केट यार्डातली जुडी नको. त्यात कोवळा-जून पाला आणि वेगवेगळी झाडं मिसळलेली असतात. ओळख पटवायला बोटॅनिकल सर्व्हेच्या कोरेगाव रोडच्या केंद्रात किंवा आघारकर संस्थेत फुला-शेंगेसह फांदी न्या, पावडर नाही. एकाच जागेचा पाला एकाच वेळी तोडा, दांडे काढा, सावलीत वाळवा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये सावलीत तो काळा पडतो, बुरशी धरतो. तेव्हा 40 अंशांवर ट्रे ड्रायर वापरा.

गॅव्हाज_आणि_गणित
सगळ्यात मोठी फसगत खाण्यात होते. अर्क मिळणारे प्राणी कमी खाऊ लागले तर कोलेस्टेरॉलही कमीच शरीरात जातं आणि श्रेय पाल्याला मिळतं. रोज उरलेलं खाद्य वजन करा. शक्य असेल तर अर्काशिवायचा, पण अर्काचा ग्रुप खातो तेवढंच खाद्य मोजून दिलेला एक वेगळा ग्रुप ठेवा. माझ्या मते तुलनेसाठी ठेवतात त्या स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या) ग्रुपपेक्षा तो महत्त्वाचा. स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनवणारं जे विकर अडवतं, तेच रॅटच्या यकृतात स्टॅटिन दिल्यावर जास्त तयार होतं, म्हणून तिथे ॲटोर्व्हास्टॅटिनचा (एक स्टॅटिन) परिणाम फिका दिसू शकतो. तेवढ्यावरून अर्क त्याच्या तोडीचा ठरत नाही.

अर्क 0.5 टक्के सीएमसीमध्ये (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या दाटसर द्रावणात) कालवा, प्राण्याच्या वजनाच्या प्रति किलो 10 मिलीच्या वर जाऊ नका. कंट्रोलला नुसतं सीएमसी त्याच मापाने.

सिंहगडरोड_गृहिणी
मग आठवड्यातून दोनदा शेवग्याची भाजी केली तर उपयोग होईल का?

गॅव्हाज_आणि_गणित
ताई, हिशेब सांगतो. समजा रॅटला किलोमागे 1000 मिलिग्रॅम अर्क दिला. माणसासाठी, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने, त्याला 6.2 ने भागायचं: किलोमागे साधारण 160 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला जवळपास 9.7 ग्रॅम. अर्काचा उतारा 12 टक्के धरला तर 80 ग्रॅम वाळलेला पाला, ताजा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, तोही रोज. भाजी जरूर करा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या भरवशावर बंद करू नका.