मदत हवी आहे: लेझरने कोरताना काना फाटतो, शिरोरेषा मात्र सरळ येते

नमस्कार. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. सहा महिन्यांपूर्वी ६० वॅटचं सीओटू लेझर मशीन सेकंडहँड घेतलं. सध्या घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या ४८ दारांच्या पाट्या हातात आहेत, पाडव्याआधी द्यायच्यात.

सागाच्या व्हिनिअरवर नाव कोरलं की शिरोरेषा एकदम स्वच्छ, पण काने करवतीच्या दात्यांसारखे. 'पाटील' मधला प, काना, वेलांटीचा दांडा, ल, सगळ्यांच्या उभ्या कडा फाटलेल्या. भिंगातून पाहिलं तर एक ओळ डावीकडे, पुढची उजवीकडे, साधारण अर्धा मिलिमीटर. पाटी आणि डिझाइन दोन्ही ९० अंशांत फिरवून कोरलं तर काने सरळ आले आणि शिरोरेषा फाटली! त्याच पाटीची बाहेरची कड मात्र छान कापली जाते.

आरसे पुसले, लेन्स साफ केली, फोकस तपासला. मेकॅनिक ट्यूब बदला म्हणतो. एवढा खर्च करण्याआधी मला हे नीट समजून घ्यायचंय. मला कळलंय ते असं: ट्यूब मागे एका जागी असते. तिचा १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण डोळ्यांना दिसत नाही, तो तीन आरशांवरून हेडमधल्या लेन्सपर्यंत येतो. हेड स्टेपर मोटर आणि बेल्टवर पळतं आणि कंट्रोलर चित्र एकेक ओळ वाचून लेझर चालू-बंद करतो. मग चूक एकाच दिशेच्या कडांवर का? वेग ३०० मिमी प्रतिसेकंद आहे.

प्रतिसाद:
ताई, ट्यूबला हात लावू नका. पाटी फिरवून पाहिलीत, त्यातच उत्तर आहे. कोरताना हेड जाताना आणि येताना, दोन्ही वेळा लेझर मारतं. कंट्रोलरने हुकूम दिला तरी ट्यूब पेटायला क्षणभर लागतो. ३०० च्या वेगात एक मिलिसेकंद उशीर झाला तर ठिपका ०.३ मिमी पुढे पडतो. जाताना उजवीकडे, येताना डावीकडे, म्हणजे शेजारच्या दोन ओळींत ०.६ मिमीचा फरक. शिरोरेषाही सरकतेच, पण स्वतःच्या लांबीत, म्हणून फक्त टोकांना कळतं.

आता तोच नमुना १०० आणि ३०० वर कोरा. वेगाबरोबर फरक वाढला तर हा उशीर. दोन्हीकडे तेवढाच राहिला तर बेल्ट सैल आहे. उशीर निघाला तर व्हर्नियरने अंतर मोजा आणि त्याच्या निम्मा आकडा लाइटबर्नमध्ये (लेझर चालवायचं सॉफ्टवेअर) स्कॅनिंग ऑफसेटला, म्हणजे ओळी सरकवायच्या सेटिंगला, त्या वेगासमोर भरा. वेग बदलला की पुन्हा मोजायचं. फारच घाई असेल तर एकाच दिशेने कोरायचं सेटिंग लावा, वेळ जवळपास दुप्पट जाईल पण काम सुटेल.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार! १०० वर फरक ०.१५ च्या आसपास, ३०० वर ०.५. म्हणजे उशीरच. ०.२५ भरलं आणि टाकाऊ तुकड्यावर कोरून पाहिलं. वेलांटीचा दांडा भिंगाखालीही सरळ दिसतोय. बेल्टही तपासला, ताठ आहे. पाट्या आज रात्रीच लावते.