प्रतिसाद: माणूस हरवत नाही, आडनाव हरवतं

वर विचारलंय की कॅनडातल्या क्यूबेकमधल्या घराण्याचा माग १७२०च्या आसपास तुटतो, त्याआधी ते आडनावच दिसत नाही. बहुतेक वेळा आडनाव बदललेलं असतं. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे तिथल्या त्या काळच्या फ्रेंच वसाहतीत, ‘दी’ (dit, म्हणजे ‘म्हटला जाणारा’) लावून दुसरं नाव चालायचं, आपल्या ‘ऊर्फ’सारखं, सैनिकांना तर ते पलटणीतच चिकटायचं. एका भावाची मुलं मूळ नाव लावत, दुसऱ्याची ‘दी’नंतरचं. दोन्ही नावांनी शोधा.

मागे जायचं ते चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीवरून. तिच्यात वधूवरांचे आईबाप येतात, आणि नवरा फ्रान्सहून आलेला असेल तर बहुधा तिथला पॅरिशही (चर्चचा स्थानिक विभाग). बायका माहेरच्याच आडनावाने नोंदलेल्या असतात, हे केवढं सोयीचं! चर्चचं पान गहाळ असेल तर नोटरीकडचा विवाहकरार पाहा. पण करार म्हणजे लग्न नव्हे. १६६३ ते १६७३ दरम्यान फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने आलेल्या मुलींचे असे कितीतरी करार रद्द झालेत.

१६४०च्या आगीत क्यूबेक शहरातल्या चर्चची दप्तरं जळाली, नंतर ती आठवणीतून पुन्हा लिहिली. त्याआधीच्या तारखा १६६६च्या जनगणनेतल्या वयांशी ताडून घ्या. तिथली वयंही अंदाजाचीच, दोनचार वर्षं इकडेतिकडे धरूनच चाला.