घरून गेम लाइव्ह करायचाय, फक्त हौस म्हणून. काय काय लागतं? (आणि स्ट्रीम अडकतेय)

घाटरस्ता:

नमस्कार मंडळी, कधीपासून विचारीन विचारीन म्हणतोय. नोकरी करतो, रात्री जेवण झालं की तासदीड तास युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो, त्यात एसटीचा मॉड (गेममधे वेगळी गाडी घालायची जोड) टाकलाय, लालपरी, पुढे पाटी चिपळूण कराड, आणि ती गाडी मी जर्मनीच्या हायवेवरून पळवत असतो. मित्रांनी डोकं खाल्लं की हे लाइव्ह टाक, लोकांना मजा येईल. पैसे कमवायचं डोक्यात नाही, खरंच नाही, पण टाकायचं तर नीट दिसायला तरी पाहिजे ना.

सामान म्हणाल तर लॅपटॉप ५ वर्षं जुना, ग्राफिक कार्ड जीटीएक्स १६५०, रॅम १६ जीबी. माइक म्हणजे मोबाइलबरोबर आलेल्या इअरफोनचा. फायबरचं वायफाय आहे, राउटर हॉलमधे आणि मी आतल्या खोलीत, स्पीड टेस्टला अपलोड ४० दाखवतं. ओबीएस (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, यूट्यूबवर लाइव्ह चालू करायला गेलो तर आधी नंबर व्हेरिफाय कर आणि मग २४ तासांपर्यंत थांब म्हणालं, थांबलो.

काल पहिल्यांदा टाकलं. बघणारे ४, त्यातला एक मीच, मोबाइलवरून. चित्र दर अर्ध्या मिनिटाला अडकायचं, गाडी टोलनाक्यावर दिसायची ती एकदम पुढच्या गावात. आवाजाचं तर विचारूच नका, मित्र म्हणाला तुझ्यापेक्षा पंखा जास्त बोलतोय. वर मधेच स्क्रीनच्या कोपऱ्यात आईचा मेसेज झळकला "दळण आणलंस का", तो चौघांनी वाचला.

आता एकजण सांगतो कॅप्चर कार्ड घे, दुसरा म्हणतो वेबकॅम आणि रिंग लाइट घे, तिसरा म्हणतो सरळ दुसरा पीसी घे. माझं बजेट ओढूनताणून ३ हजार. आणि मराठीत बोललो तर कोणी बघेल का, का हिंदीत बोलू, हेही सांगा. सेटिंगचा स्क्रीनशॉट खाली जोडलाय.

रात्रपाळी:

भाऊ बाकी सगळं नंतर, आधी तो स्क्रीनशॉट काढ!! त्यात तुझी स्ट्रीम की, म्हणजे लाइव्हची गुप्त चावी, दिसतेय. ओबीएस ती ठिपक्यांनी झाकून ठेवतं, तू "शो" दाबून फोटो काढलायस. ती की ज्याच्याकडे तो तुझ्या चॅनलवर काय वाटेल ते लाइव्ह टाकू शकतो. नुसता फोटो काढून भागणार नाही, यूट्यूब स्टुडिओत जाऊन की रीसेट कर.

घाटरस्ता:

बापरे. काढला, रीसेट पण केली. धन्यवाद, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पेचकस:

स्क्रीनशॉट जायच्या आधी बघितला मी, म्हणून सांगतो. तुझ्या लॅपटॉपला काही झालेलं नाही. एनकोडर एक्स२६४ वर आहे, म्हणजे गेमही प्रोसेसर खातोय आणि व्हिडिओ दाबून लहान करायचं (एनकोडिंगचं) कामही प्रोसेसरच करतोय, एकाच बैलाला दोन नांगर. तिथे एनव्हेंक, म्हणजे ग्राफिक कार्डावरचा एनकोडर, निवड. १६५० च्या चिपमधे व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो, गेमला त्याचा फारसा भार होत नाही. रिझोल्यूशन ७२०पी, ६० फ्रेम, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) ४५०० केबीपीएस, सीबीआर म्हणजे कायम तेवढाच, कीफ्रेम (पूर्ण चित्र) दर २ सेकंदांनी. १०८०पीचा हट्ट सध्या सोड, बघणारा बहुतेक मोबाइलवर असतो त्याला फरक कळत नाही.

पण अडकण्याचं खरं कारण काय ते अंदाजाने ठरवू नकोस. ओबीएसमधे डॉक्स मेनूत स्टॅट्स म्हणून खिडकी आहे ती उघडून ठेव आणि १० मिनिटं चालव. तीन आकडे बघायचे. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर ग्राफिक कार्डाला दम लागलाय, एनकोडिंग लॅग वाढत असेल तर व्हिडिओ दाबणारा मागे पडतोय, आणि ड्रॉप्ड फ्रेम्स वाढत असतील तर दोष नेटचा, लॅपटॉपचा नाही. लोक हे तिन्ही एकच समजतात आणि नेटच्या दुखण्यासाठी नवीन ग्राफिक कार्ड आणतात. मी स्वतः आणलंय, म्हणून बोलतोय, घरी अजून ऐकवतात.

टेस्ट करताना पब्लिक ठेवू नको, अनलिस्टेड ठेव, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल. आणि डिस्प्ले कॅप्चर (अख्खा स्क्रीन पाठवणारं) काढून गेम कॅप्चर लाव, म्हणजे फक्त गेमच जाईल, दळण घरातच राहील.

जुना_गडी:

माझं मत वेगळं. एकाच मशीनवर गेम आणि स्ट्रीम दोन्ही म्हणजे तडजोडच. मी वेगळा पीसी आणि कॅप्चर कार्ड वापरतो, गेम कितीही जड असो स्ट्रीमला ओरखडा नाही. एकदाच खर्च करा, चांगला करा.

पेचकस:

जुने गडी, तुमचं काम वेगळं, तुम्ही जड शूटिंग गेम १४४ फ्रेमवर खेळता. ह्याला ४ प्रेक्षकांसाठी दुसरा पीसी घ्यायला लावताय? कॅप्चर कार्ड लागतं ते पीएस५, स्विच असल्या डब्यांना, जेव्हा त्यांचं चित्र पीसीत घ्यायचं असतं. तेही पीएस५ वरून साधं लाइव्ह करायचं असेल तर कंट्रोलरच्या बटणावरून थेट यूट्यूबला जातं, कार्डबिर्ड काही नको. गेम आणि ओबीएस एकाच लॅपटॉपवर असताना कार्ड घेऊन ते कपाटातच ठेवणार हा.

जुना_गडी:

बरं बरं, ४ प्रेक्षकांचं माझ्या लक्षात आलं नाही 😄 पण चार्जर लावूनच खेळ म्हणावं, बॅटरीवर लॅपटॉप ग्राफिकचा जोर कमी करतो. आणि खाली पुस्तकं ठेवून मागची बाजू उचल, गरम झाला की तोही अडकतो.

घाटरस्ता:

स्टॅट्स लावून आत्ता १० मिनिटं चालवलं. एनकोडिंग शून्य (एनव्हेंक केलं). रेंडरिंग १ टक्क्याच्या आसपास. ड्रॉप्ड फ्रेम्स ११ टक्के!! पण स्पीड टेस्टला ४० येतंय की हो अपलोड?

पेचकस:

सापडला चोर. स्पीड टेस्ट म्हणजे ती काही सेकंदांची धाव, स्ट्रीमला तास दीड तास एका चालीने चालणारं पाहिजे. तुला लागतात चित्राचे ४५०० केबीपीएस अधिक आवाजाचे १६०, म्हणजे पावणेपाच एमबीपीएससुद्धा नाही, ४० काय १० पण पुरेल. पण मधे भिंत, शेजाऱ्यांची चार वायफायं, घरातले मोबाइल, की वायफाय क्षणभर धाप टाकतं आणि तेवढ्यात फ्रेम गळतात. कॅट ६ ची वायर घे, राउटरपासून खोलीपर्यंत दाराच्या चौकटीवरून ने. इतकंच. वायर येईपर्यंत ॲडव्हान्स्डमधे गर्दी झाली की बिटरेट आपोआप कमी करायचा पर्याय आहे तो टिक कर, चित्र जरा धूसर होईल पण तुटणार नाही.

रेंडरिंगच्या १ टक्क्यासाठी गेममधे आरशांची क्वालिटी कमी कर, ह्या गेमला आरसे फार महाग पडतात, आणि फ्रेम ६० ला बांध. ओबीएस ॲडमिन म्हणून उघड, म्हणजे विंडोज त्याला ग्राफिक कार्डात आधी जागा देतं.

हां, नेटला डेटाची मर्यादा असेल तर बघून घे, ह्या बिटरेटला तासाला २ जीबीच्या वर जातं.

स्नेहल_नाशिक:

सगळे चित्रावर बोलताय, मी आवाजावर बोलते. मी दीड वर्षं बुद्धिबळ लाइव्ह करतेय, चित्र जरा वाईट असलं तर लोक बसतात, आवाज वाईट असला की १० सेकंदात जातात. वेबकॅम, रिंग लाइट विसरा. हजाराच्या आतला वायरचा कॉलर माइक घ्या, शर्टाला लावा, तोंडापासून वीतभर. टेबलावरचे ते मोठे कंडेन्सर माइक दिसतात भारी, पण ते खोलीतलं सगळं उचलतात, माझ्या पहिल्या स्ट्रीममधे मी राजा वाचवतेय आणि मागे कुकरच्या शिट्ट्या, चॅटमधे लोक मोजत होते, तीन झाल्या गॅस बंद करा म्हणून.

मग ओबीएसमधे माइकवर राइट क्लिक, फिल्टर्स, नॉइज सप्रेशन लावा, त्यात आरएननॉइज निवडा. पंखा जवळजवळ गायब होतो. त्यानंतर लिमिटर, म्हणजे तुम्ही ओरडलात तरी समोरच्याचे कान फाटणार नाहीत. बोलताना मीटर पिवळ्यात पाहिजे, लाल नको. आणि एक गंमत, गेमच्या आवाजावर कॉम्प्रेसर लावून त्यात डकिंगला तुमचा माइक निवडला की तुम्ही बोलायला लागलात की इंजिन आपोआप हळू होतं, गप्प बसलात की परत मोठं. हे सापडलं तेव्हा मी नाचले होते.

आधी ५ मिनिटं नुसतं रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही माहितीये, पण ऐका.

आणि आमच्याकडे लाइट जाते तशी तुमच्याकडेही जात असणार, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण राउटर बंद, स्ट्रीम खलास. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, पण तो पुढच्या महिन्याच्या पगारात.

टोरांटोचा_कोल्हापुरी:

मराठीतच बोला हो! हिंदीत ट्रक चालवणारे ढीगभर आहेत, त्यात तुम्ही अजून एक. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इकडे उन्हाळ्यात दुपारचे बारा, हिवाळ्यात अकरा, मी डबा खाताना कानात काहीतरी मराठी लागतं म्हणून लावून ठेवतो. बघतोच असं नाही, ऐकतो. कुणीतरी "अरे हा काय आडवा आला" म्हणतंय एवढं पुरे आहे मला. लिंक द्या.

रात्रपाळी:

मराठीला दुजोरा. फक्त प्रेक्षक ० दिसले तरी बोलत राहा. लोक ठराविक वेळ सांभाळत नाहीत, आज नऊला उद्या अकराला, आणि मग म्हणतात कुणी येत नाही. आठवड्यातून दोनच दिवस कर पण तेच दिवस, तीच वेळ. लेटन्सी (चित्र बघणाऱ्यापर्यंत पोचायचा उशीर) "लो" वर ठेव, "अल्ट्रा लो" ला चॅट पटकन येतं पण ज्याचं नेट कच्चं त्याला सारखं गोल गोल फिरतं.

घाटरस्ता:

मंडळी, आठ दिवसांनी आलोय, अपडेट देतो.

१५ मीटर वायर आणली, दाराच्या चौकटीवरून खिळ्यांच्या क्लिपा मारून नेली, आई म्हणाली भिंतीची वाट लावलीस. ड्रॉप्ड फ्रेम्स ०. शून्य! इतके दिवस उगीच लॅपटॉपला शिव्या घातल्या. कॉलर माइक घेतला, वायर आणि माइक मिळून दीड हजाराच्या आत बसलं. डकिंग पण लावलं, स्नेहलताई मी पण नाचलो.

एक गोंधळ झाला. गेममधे रेडिओ असतो ना, तो खरीखुरी इंटरनेट स्टेशनं वाजवतो, मी आपला मजेत लावून गाडी चालवतोय, आणि यूट्यूबने लाइव्ह चालू असतानाच कॉपीराइटचा इशारा दिला. घाईघाईत बंद केला. आता नुसतं इंजिन आणि वायपर.

दुसरं म्हणजे एक मेल आलंय, २६ सबस्क्रायबर असताना! आमच्या पैसे लावून खेळायच्या ॲपची पाटी स्क्रीनवर ठेवा, महिन्याला अमुक देऊ. खरं असतं का हे?

पेचकस:

खरं असो खोटं असो, डिलीट कर. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावायच्या गेमची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, दंड किंवा तुरुंग, किंवा दोन्ही. मेलमधलं काही डाउनलोड पण करू नको, चॅनल असेच चोरीला जातात.

घाटरस्ता:

केलं डिलीट.

आता खरा प्रश्न. माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, कुंभार्ली घाट त्यांच्या तळहातावर. परवा लाइव्ह चालू असताना मागे कॉटवर येऊन बसले. आधी गप्प बघत होते. मी आल्प्समधे एक उतार टॉप गिअरला सोडला तर मागून आले सरळ, "ज्या गिअरला चढतोस त्याच गिअरला उतरायचं असतं, मागे ४० माणसं बसलीत तुझ्या." मागे कुणी नाही हो अण्णा, गेम आहे, म्हटलं. तर म्हणाले "मग पाटी कशाला लावलीस."

चॅट पेटलं. ९ जण होते, नऊच्या नऊ विचारायला लागले मागे कोण बोलतंय. पण मी यूट्यूबवर बघून माइकला नॉइज गेट पण लावलं होतं, त्यामुळे अण्णांचं अर्धंच ऐकू जात होतं. रेकॉर्डिंग ऐकलं तर "ज्या गि... त्याच... माणसं" एवढंच. त्यांना दुसरा माइक लावू का? ते लावून घेणार नाहीत, शर्टाला काही अडकवलं की काढून टाकतात.

स्नेहल_नाशिक:

गेट काढा!! मी गेट सांगितलंच नव्हतं तुम्हाला 😄 ठरलेल्या पातळीच्या खालचा आवाज आला की गेट दार लावून घेतं, तुम्ही माइकपासून वीतभर आणि ते कॉटवर, म्हणजे ते कायम दाराबाहेर. नुसतं आरएननॉइज ठेवा, ते पंखा मारतं आणि माणसाचा आवाज बऱ्यापैकी सोडतं. कॉट जरा पुढे ओढा. माइक शर्टाऐवजी खुर्चीच्या पाठीला, मागच्या बाजूला लावून बघा, मग तुम्ही दोघं साधारण सारखे पडाल, तुमचा आवाज आधीच मोठा असणार.

टोरांटोचा_कोल्हापुरी:

डबा खाता खाता ठसका लागला "मग पाटी कशाला लावलीस" ला. मंगळवारी आहे ना लाइव्ह? मीटिंग पुढे ढकलतोय.

घाटरस्ता:

मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेनऊ. गेट काढलं, माइक खुर्चीला लावला, कॉट ओढली. पंखा परत थोडा ऐकू येतोय पण चालतंय. अण्णांना सांगितलं लोक तुमच्यासाठी येणारेत, तर म्हणाले मला झोपायचं असतं दहाला. आत्ता बघतो तर आतून चष्मा पुसत येतायत.