कोलॅजेन वाढवायचंय, मग आधी क्रीम की आधी मशीन?

सांजवात
चाळिशी ओलांडून त्वचेच्या दवाखान्यात गेलं की हल्ली तपासणीआधी पॅकेज पुढ्यात येतं. मायक्रोनीडलिंगची (चेहऱ्याला बारीक सुया टोचण्याची) सिटिंग्ज, जोडीला रेडिओफ्रिक्वेन्सी (विद्युत लहरींनी त्वचेला आतून उष्णता देणं), वर कोलॅजेनची, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाची, पावडर. माझ्या मते हा क्रम साफ उलटा आहे. आधी सनस्क्रीन, मग ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल, ही अ जीवनसत्त्वाच्या कुळातली क्रीम्स, आणि त्यानंतरही काही खुपत असेल तर एखादी प्रोसिजर.

कारण सांगते. विशीनंतर त्वचेतलं कोलॅजेन वर्षाला साधारण 1 टक्क्याने घटतं, ते कुणालाच चुकलेलं नाही. पण चेहऱ्यावरचं खरं नुकसान ऊन करतं. अतिनील किरणांमुळे कोलॅजेन तोडणारी एन्झाइम्स वाढतात आणि नवं कोलॅजेन बनणंही मंदावतं. दंडाची झाकलेली आतली बाजू आणि हाताच्या पंजाची उन्हात राहणारी वरची बाजू शेजारी शेजारी धरून बघा. वय दोन्हींचं एकच आहे.

ऑस्ट्रेलियात नॅम्बोर इथे 55 वर्षांखालच्या 903 जणांचा साडेचार वर्षं अभ्यास झाला, निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचा म्हातारी होण्याचं प्रमाण मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी निघालं. ट्रेटिनॉइनचं म्हणाल तर 1993 च्या अभ्यासात उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर ते 10 ते 12 महिने लावल्यावर कोलॅजेनची निर्मिती 80 टक्क्यांनी वाढली. नुसतं औषधाविना क्रीम लावणाऱ्यांत ती 14 टक्क्यांनी घटली. इतका भक्कम पुरावा असलेली गोष्ट मागे ठेवून मशीन पुढे का आणायचं?

उंबरठा
सांजवात, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. तुम्ही चाळिशीचं बोलताय, मी पन्नाशीनंतरचं बोलते. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलॅजेन कमी होतं. तिथे वर्षाला 1 टक्क्याचा हिशोब लागू पडत नाही. अशा वेळी "आधी वर्षभर क्रीम लावा, मग बघू" हे ऐकवत नाही हो.

आणि ट्रेटिनॉइन सगळ्यांना सोसतं कुठे? मला नाकपुड्यांच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांना सालपटं निघायची. तोंडावर साधं पाणी मारलं तरी झोंबायचं. मायक्रोनीडलिंगनंतर दोन-तीन दिवस चेहरा लाल राहिला, बस. काही महिन्यांनी गालांचा पोत खरोखर सुधारला. ज्या बाईला क्रीम सोसत नाही तिने काय करायचं, ते तुमच्या क्रमात कुठेच नाही.

सांजवात
सालपटं निघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींचं कारण लावण्याच्या पद्धतीत असतं. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे यांना आधी साधं मॉइश्चरायझर. तरी नाही सोसलं तर रेटिनॉल आहे, ते सौम्य आहे. पोटुशी असाल किंवा दिवस राहावेत असा विचार असेल तर मात्र यातलं काहीच नको.

मायक्रोनीडलिंगला माझा विरोध नाही. सुईने झालेली बारीक जखम भरताना शरीर आधी कच्चं, नंतर पक्कं कोलॅजेन बनवतं, म्हणून फरक दिसायला महिने लागतात. पण नंतर उन्हात उघड्या चेहऱ्याने फिरलात तर तेच नवं कोलॅजेन पुन्हा तुटणार. म्हणून म्हणते, सनस्क्रीन आधी.

दवबिंदू
मी त्वचारोगतज्ज्ञांच्या हाताखाली काम करते, म्हणून एक मुद्दा मांडते. क्रीम की मशीन याआधी त्वचेचा रंग बघा. गव्हाळ, सावळ्या त्वचेवर जोरकस लेझर मारलं की सुरकुत्या राहतात बाजूला आणि काळे डाग येतात. ते जायला कित्येक महिने लागतात. अशा बायका आमच्याकडे रडवेल्या होऊन येतात. नुसत्या सुयांच्या मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णता नसते, म्हणून आमच्यासारख्या त्वचेला तिथे धोका कमी.

सुयांमधून रेडिओफ्रिक्वेन्सी देतात ते प्रकरण वेगळं. भाजणं, व्रण, चेहऱ्यावरची चरबी आटणं, नसेला इजा अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2025 मध्ये त्याबद्दल इशारा दिला. मशीन वाईट नाही, पण ते कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. आणि घरी डर्मारोलर, म्हणजे सुया लावलेला छोटा रोलर, फिरवू नका. बोथट सुयांनी त्वचा फाटते, जंतू आत जातात.

पाणवठा
सगळ्यांनी पावडरला एका ओळीत बाद केलं. मी रोज कोलॅजेन पेप्टाइड, म्हणजे कोलॅजेनच्या बारीक तुकड्यांची पावडर, घेते, त्वचेचा कोरडेपणा नक्की कमी झालाय. यावर चाचण्याही झाल्यात, त्यात फायदा दिसलाय.

सांजवात
पाणवठा, चाचण्या झाल्यात, खरं आहे. 2025 मध्ये अशा 23 चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. सगळ्या मिळून बघितल्या तर ओलावा, लवचिकता, सुरकुत्या, तिन्हींत सुधारणा दिसते. पण औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की फायदा उरत नाही. पोटात गेलेलं कोलॅजेन पचून अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, ते चेहऱ्याकडेच जातील अशी सोय शरीरात नाही. तुम्हाला बरं वाटत असेल तर घ्या, पण दुसरीला "आधी हे घे" असं सांगू नका.

कोलॅजेनच्या क्रीमचंही तेच. तो रेणू इतका मोठा असतो की त्वचेत शिरतच नाही. वरवर ओलावा देतो, तेवढंच.

पिंपळपान
मला मूळ प्रश्नच पटत नाही. वय होणं हा आजार आहे का? चेहऱ्यावर रेघा आल्या की लगेच उपचार कशाला? मुली आता पंचविशीत "प्रिव्हेंटिव्ह" म्हणून सुया टोचून घेतायत.

उंबरठा
पिंपळपान, पंचविशीतल्या सुयांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. बाकी नाही. केस रंगवले, दात बसवले तर कुणी जाब विचारत नाही. चेहऱ्याचं नाव काढलं की बाईला लगेच तत्त्वज्ञान ऐकावं लागतं. मला आरशात बरं वाटायला हवं आहे, त्यासाठी परवानगी नकोय.

शेवंती
साठी उलटलीय. गालावर बारीक सुरकुत्या आहेत, जबड्याखाली कातडी लोंबते. आता सुरू करून काही उपयोग आहे का?

दवबिंदू
शेवंतीताई, दोन्हींना उत्तर एक नाही. बारीक सुरकुत्यांना ट्रेटिनॉइनने साठीनंतरही फरक पडतो. लोंबणाऱ्या कातडीला क्रीम काही करत नाही. अल्ट्रासाऊंडच्या उपचाराची उष्णता त्वचेखाली 4.5 मिलिमीटरपर्यंत पोचते, पण थोडंच ओढून येतं. कातडी फारच सैल असेल तर शस्त्रक्रियेशिवाय फार काही होत नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला पैसे भरण्याआधी सांगायला हवं.

उंबरठा
शेवंतीताई, मला विचाराल तर क्रीम सुरू करा आणि तज्ज्ञांची वेळही आत्ताच घ्या, वर्षभर थांबू नका. सांजवातना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

सांजवात
नाहीच पटत. पण गेलातच तर मशीन स्वतः डॉक्टर चालवणार का ते विचारा, कानामागे छोट्या जागेवर आधी चाचणी करायला सांगा, आणि त्याच खिडकीत, त्याच उजेडात आधीचा फोटो काढून ठेवा. दवाखान्याच्या दिव्याखालच्या फोटोवर विसंबू नका.