हरकत रकमेवर नको, नोंदीवर घ्या

एकांनी म्हटलंय की शेजारचं घर आपल्याएवढंच, तरी त्यांचा मालमत्ता कर कमी, म्हणून अपील करावं. मुद्दा रास्त आहे, पण नुसतं "आम्हालाच जास्त का" म्हणून सुनावणीत काही हलत नाही. कराचा दर तिथे बदलत नसतो. तपासतात ते तुमच्या घराचं मूल्यांकन, म्हणजे कर ज्यावर ठरतो तो आकडा.

म्हणून आधी मूल्यांकनाच्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, प्रकार, वापर. उघडी गच्ची खोली म्हणून धरलेली असते, पाडून टाकलेली शेड कागदावर अजून उभी असते, राहतं घर व्यावसायिक म्हणून लागलेलं असतं. असं काही सापडलं तर मोजमापाचा नकाशा आणि तारखेसह फोटो जोडा. बऱ्याचदा साध्या दुरुस्ती अर्जावरच भागतं.

नोंद बरोबर निघाली, तरच तुलनेकडे वळा. शेजारचं घर घ्या, पण वय, आकार आणि बांधकाम जुळतंय ना, ते पाहा. मूल्यांकन बाजारभावावर असेल तर मूल्यांकनाच्या तारखेच्या आसपासचे विक्रीव्यवहार लागतील.

मुदत मात्र काटेकोर पाळा, ती हुकली की खरी बाजूही ऐकली जात नाही. आणि अपील चालू आहे म्हणून बिल थांबवू नका, व्याज चढतं. भरताना हरकत कायम असल्याचं लेखी द्या, पोच घ्या.

नोंद न झालेली वाढीव खोली असेल तर अर्जाआधी जाणकाराला विचारा. फेरतपासणीत आकडा वाढूही शकतो.